लाल गोळी, दुखण्याची गोळी आणि डॉ. ल्यूसी विल्स

भाताची रोवणी सुरू झाली की आमच्या पारशिवनी तालुक्यातल्या बाह्यरुग्ण विभागाची गर्दी बदलते. तापाचे रुग्ण असतातच, पण त्यांच्या मागे बायकांची रांग लागते. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेली, गुडघे सुजलेले, पायाच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. यातल्या अनेकींचे डोळे तपासले तर खालची पापणी आतून पांढरीफटक दिसते. त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा दोन प्रकारच्या गोळ्या निघतात. एक म्हणजे आशाताईने किंवा नर्सताईने दिलेली रक्तवाढीची लाल गोळी. दुसरी म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. पहिलीबद्दल त्या स्वतःहून सांगतात. दुसरीबद्दल विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण ती त्यांना औषध वाटतच नाही. चहा घ्यावा तशी ती घेतली जाते.

या दोन गोळ्या एकाच पोटात गेल्यावर काय होते, हा आजचा विषय. पण तो सांगायचा तर आधी एका डॉक्टर बाईची गोष्ट सांगावी लागेल. लाल गोळीतला एक घटक म्हणजे फॉलिक अॅसिड. त्याचा शोध जिच्यापासून सुरू झाला, ती बाई इंग्लंडात जन्मली. पण तिचे मोठे काम आपल्या मुंबईत, परळमध्ये, गिरणगावातल्या गरोदर बायकांमध्ये झाले. त्या बाईचे नाव डॉ. ल्यूसी विल्स.

विळे बनवणाऱ्यांच्या घरात

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी. आजोबांनी विळे, कोयते अशी धारदार अवजारे बनवणारा कारखाना घेतला होता आणि वडील तो चालवत. वडील स्वतः विज्ञानाचे पदवीधर, आई एका डॉक्टरची मुलगी. मुलींना शिकवायचे की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता.

ल्यूसी आधी चेल्टनहॅमच्या मुलींच्या नामांकित शाळेत शिकल्या आणि १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. तिथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे विषय घेतले. १९११ साली शेवटची परीक्षा पास झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिजमध्ये बायकांना परीक्षा देता येत असे, पदवी मात्र दिली जात नसे. ती मिळायला १९४८ साल उजाडावे लागले.

१९११ सालीच, फेब्रुवारीत, त्यांचे वडील गेले, वय अवघे ५२. दोन वर्षांनी बहीण गेली, तीही तरुणपणी. ल्यूसी आईला घेऊन सिलोनला जाऊन आल्या. पुढच्या वर्षी भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेल्या, आणि तिथे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाऊनमध्ये त्यांनी काही काळ स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. आजाऱ्यांच्या खाटेशी उभे राहिल्यावर त्यांचा पुढचा रस्ता ठरला असावा, कारण इंग्लंडला परतताच जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. ही तीच संस्था, जिथे त्यांच्या वीसेक वर्षे आधी आपल्या डॉ. रखमाबाई शिकून गेल्या होत्या.

१९२० मध्ये ल्यूसी डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय ३२ होते. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये गरोदर स्त्रियांच्या आजारांवर संशोधन आणि अध्यापन पत्करले. लग्न केले नाही. सहकारी मोटारीने येत तेव्हा त्या सायकलवरून रुग्णालयात येत. डोंगर चढायची आणि बर्फात भटकायची हौस मात्र त्यांनी पुरवून घेतली.

परळच्या प्रयोगशाळेत

त्या काळी हिंदुस्थानात बाळंतपणात फार बायका मरत. त्याची कारणे शोधण्यासाठी मातामृत्यू चौकशीचे काम हाती घेण्यात आले होते आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यासाठी ल्यूसी विल्स यांना बोलावून घेतले. १९२८ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. मधला काही काळ त्यांनी दक्षिणेत कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि मद्रासच्या एका स्त्री रुग्णालयातही काढला, पण कामाचे मूळ मुंबईतच राहिले.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायकांचे रक्त झपाट्याने कमी होई. त्या पांढऱ्या पडत, धाप लागे, पाय सुजत आणि कित्येक जणी बाळंतपणाआधी किंवा नंतर दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त पाहिले तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या पण आकाराने मोठ्या दिसत. लोह कमी असले की पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलटेच होते. म्हणजे हा रक्तक्षय नुसत्या लोहाच्या अभावाचा नव्हता.

मोठ्या पेशींचा आणखी एक रक्तक्षय तेव्हा डॉक्टरांना माहीत होता, तो म्हणजे पर्निशिअस अॅनिमिया. त्यावर १९२६ मध्ये अमेरिकेतल्या मायनॉट आणि मर्फी यांनी यकृत खाऊ घालण्याचा उपाय दाखवला होता. मुंबईतला आजार तोच आहे असे मानून मोकळे होता आले असते. ल्यूसी विल्स यांनी तसे केले नाही. आधी त्यांनी आतड्यातल्या जंतूंचा संशय तपासला. तो टिकला नाही. मग त्यांनी या बायका खातात काय, हे पाहायला सुरुवात केली.

मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. प्रयोगशाळेत बसून काम करणारी ही बाई वेगवेगळ्या धर्मांच्या आणि थरांच्या बायकांचा आहार, त्यांची घरे, त्यांचे राहणे यांची पाहणी करू लागली. तळपदे आडनावाचे सहकारी या पाहणीत त्यांच्याबरोबर होते. १९३० साली ती पाहणी भारतीय वैद्यक संशोधनाच्या नियतकालिकात छापून आली. निष्कर्ष साधा होता. ज्यांच्या ताटात भाजी, फळे आणि सकस अन्न कमी, त्यांच्यात हा आजार जास्त. कापड गिरण्यांतल्या गरीब मजूर बायका त्यात पुढे होत्या. आजार रक्ताचा होता, पण त्याचे मूळ ताटात होते.

माकड आणि काळा लगदा

ताटात नेमके काय कमी आहे हे कळायला बरीच वर्षे गेली. ल्यूसी विल्स यांनी गरीब बायकांच्या जेवणासारखेच खाणे उंदरांना दिले. गाभण उंदरांना रक्तक्षय झाला. त्या खाण्यात यीस्ट मिसळले तर तो टळला. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे एक वेगळाच संसर्ग त्यांच्यात पसरला होता आणि त्यामुळेही रक्त कमी होत होते. म्हणजे निष्कर्षात खोट. दुसरा एखादा असता तर ही गोष्ट झाकून पुढे गेला असता. त्यांनी उंदरांचा नाद सोडून माकडांवर प्रयोग सुरू केले.

रक्तक्षय झालेल्या एका माकडावर काही केल्या गुण येईना, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून त्याला मार्माइट दिले गेले. मार्माइट म्हणजे बिअर बनवल्यावर उरलेल्या यीस्टचा अर्क. काळपट, चिकट, खारट, उग्र वासाचा आणि अत्यंत स्वस्त. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. माकड सुधारले. मग तोच अर्क मुंबईतल्या आजारी बायकांना दिला गेला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, चेहऱ्यावर रंग आला. जून १९३१ मध्ये ल्यूसी विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. औषध महाग नव्हते, सुई नव्हती, गिरणी कामगाराच्या बायकोला परवडेल असे होते.

त्यापुढचे त्यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. यकृताचा ओबडधोबड अर्क या बायकांना लागू पडत होता. पण तोच अर्क जास्त शुद्ध केला, म्हणजे पर्निशिअस अॅनिमियावर अचूक चालणारे इंजेक्शन बनवले, की मुंबईच्या बायकांना त्याचा उपयोग होत नसे. याचा अर्थ यकृतात दोन वेगळी द्रव्ये होती. शुद्ध करताना एक राहत होते, दुसरे निसटत होते. निसटणारे द्रव्य यीस्टमध्येही होते. लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९३७ च्या अखेरीस त्या काही आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनमध्ये आल्या, कराचीपर्यंत पाण्यावरून उडणाऱ्या विमानाने. पुढच्या वर्षी हा दोन द्रव्यांचा फरक त्यांनी लॅन्सेटमध्ये मांडला.

१९४१ मध्ये अमेरिकन संशोधकांनी पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे केले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक अॅसिड ठेवले. १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही झाले. हे काम करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. यीस्टमधला विल्स फॅक्टर तो हाच, हे नंतर स्पष्ट झाले. दुसरे द्रव्य बी-१२ जीवनसत्त्व निघाले, ते १९४८ साली हाती आले.

ल्यूसी विल्स तोपर्यंत लंडनला रॉयल फ्रीमध्ये परतल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात तिथला पॅथॉलॉजी विभाग त्यांनी सांभाळला. जुलै १९४४ मध्ये रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला, माणसे गेली, तरी काम काही दिवसांत पुन्हा सुरू झाले. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढेही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे जाऊन लोकांचा आहार आणि रक्त तपासत राहिल्या. चेल्सीच्या स्थानिक मंडळात मजूर पक्षाच्या सदस्य म्हणून त्यांनी दहा वर्षे काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की, पाठीच्या कण्याचा दोष असलेले मूल आधी झालेल्या आईने पुढच्या गरोदरपणाआधीपासून फॉलिक अॅसिड घेतले, तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका जवळजवळ पाऊण हिश्शाने कमी होतो. म्हणूनच लग्न झालेल्या, मूल हवे असलेल्या मुलींना आम्ही दिवस जाण्याच्या आधीपासून ही गोळी घ्यायला सांगतो.

आता दुसरी गोळी

आज गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस ती घ्यायची असते. गोळी फुकट मिळते, घरपोच मिळते. तरीही काही बायकांचे हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. का हलत नाही, हे मला एका चुकीतून कळले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होतो. चाळिशीची एक शेतमजूर बाई रक्त कमी म्हणून यायची. मी लाल गोळी लिहून दिली. महिन्याने हिमोग्लोबिन तेवढेच. गोळ्या खात नसेल असे समजून मी तिला रागावलो आणि गोळ्या वाढवून दिल्या. आणखी महिन्याने तिला खाटेवर घालून आणले. उभे राहिले की चक्कर, नाडी धावत होती, हिमोग्लोबिन पाचच्या आसपास. शौचाला काळे होते का, असे विचारल्यावर ती हो म्हणाली, पण त्याची तिला काळजी नव्हती. रक्तवाढीच्या गोळीने शौच काळे होते, घाबरू नका, असे तिला सांगितलेले होते. मीच सांगितले होते. ती गुडघ्यांसाठी वर्षभर रोज दोन वेळा दुखण्याची गोळी घेत होती, तेही उपाशीपोटी, कामावर जाण्याआधी. पोटातल्या जखमेतून रक्त जात होते. मोठ्या रुग्णालयात पाठवून रक्त चढवले, दुर्बिणीने तपासणी झाली, ती वाचली. तिने गोळी चुकवली नव्हती. मी प्रश्न चुकवला होता.

यात काय घडते ते समजून घ्या. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. या द्रव्यांमुळे सूज आणि वेदना होते, म्हणून गोळीने आराम पडतो. पण जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षणही तीच द्रव्ये करतात. ती कमी झाली की अस्तर सोलवटते, जखमा होतात आणि रक्त झिरपू लागते. अॅस्पिरिन तर रक्त गोठवणाऱ्या कणिकांनाही निकामी करते, त्यामुळे झिरपणे लवकर थांबत नाही. पुष्कळदा पोट दुखतही नाही, कारण घेतलेली गोळी दुखण्याचीच असते.

आता हिशेब करा. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर रक्त झिरपले, तर ५ मिलिग्रॅमपर्यंत लोह गेले. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असले तरी शरीर त्यातले साधारण दहावा हिस्साच शोषते, कमतरता असली तर थोडे जास्त. म्हणजे एका गोळीने दिलेले दुसरी गोळी जवळजवळ सगळे काढून नेते. वरून दोन्हींमुळे पोटात जळजळ होते, म्हणून बाई लाल गोळी बंद करते. दुखण्याची गोळी मात्र चालूच राहते, कारण तिचा गुण लगेच कळतो.

जळजळीसाठी मग तिसरी, गॅसची गोळी येते. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या पोटाच्या अस्तराला जपतात आणि ज्यांना दुखण्याची गोळी खरोखर घ्यावीच लागते त्यांच्यासाठी त्या उपयोगीही आहेत. पण लोह शोषले जायला आम्लाची मदत लागते. आम्ल कमी झाले की लोहाचे शोषणही कमी होते. म्हणून तिन्ही गोळ्या चालू असणाऱ्यांचे रक्त तपासत राहावे लागते.

सगळ्यांत मोठा धोका काळ्या रंगाचा. लोहामुळे शौच काळपट किंवा हिरवट काळे होते, पण ते नेहमीसारखे बांधलेले असते. पोटातल्या रक्तस्रावाने होणारे शौच डांबरासारखे काळेभोर, चिकट, पाण्याने सहज न धुतले जाणारे आणि विशिष्ट घाण वासाचे असते. लोहाची गोळी चालू असताना हा फरक घरच्यांच्या लक्षात येत नाही. एक गोळी दुसरीचा घाव झाकते.

फॉलिक अॅसिडचे काय? अॅस्पिरिन मोठ्या प्रमाणात, दीर्घकाळ घेतले तर रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले फॉलिक अॅसिड सुटते आणि लघवीवाटे जास्त जाते, असे दिसून आले आहे. महिन्यातून एखादी गोळी घेणाऱ्याने याची चिंता करायचे कारण नाही. मात्र संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी सावध असावे. हे औषध फॉलिक अॅसिडचेच काम अडवते. म्हणून ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी देतात. अशा रुग्णाने स्वतःहून दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या तर मूत्रपिंडाचे काम मंदावून मेथोट्रेक्सेट अंगात साचू शकते. डॉक्टर दोन्ही एकत्र देतात, पण रक्ताच्या तपासण्या करत करत.

ल्यूसी विल्स यांनी दाखवलेला दोन द्रव्यांचा फरक इथेही उपयोगी पडतो. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण नसांची हानी चालूच राहते. दूध-दही फारसे न घेणाऱ्या शाकाहारी माणसाच्या तळपायांना मुंग्या येत असतील, तर त्यावर दुखण्याची गोळी खात बसू नये. बी-१२ तपासून घ्यावे.

आपल्या नागपूर जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकल म्हणजे विळा. ल्यूसींच्या वडिलांच्या कारखान्यात बनणारी वस्तू आमच्या रुग्णांच्या रक्तपेशींचा आकार होऊन बसली आहे. या पेशी लवकर मोडतात, नव्या सतत बनवाव्या लागतात, म्हणून या रुग्णांना फॉलिक अॅसिड देतात. लोह मात्र त्यांनी तपासल्याशिवाय घेऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात ते आधीच जास्त असू शकते. या आजारात दुखणे असह्य असते आणि वेदनाशामक लागतेच. पण मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात, म्हणून कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

मग घ्यायचे काय?

साध्या दुखण्याला, अंगदुखीला, तापाला पॅरासिटामॉल पुरते. ते जठराच्या अस्तराला तसे इजा करत नाही आणि लाल गोळीशी त्याचे भांडण नाही. गरोदर बाईलाही, गरज असेल तेव्हा आणि गरजेपुरते, डॉक्टर बहुधा हेच देतात. पण तेही अमर्याद नाही. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमची, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची, मर्यादा ओलांडली तर यकृताला धोका असतो. अशक्त, कमी वजनाच्या, दारू पिणाऱ्या किंवा काविळीच्या माणसाची मर्यादा याहून बरीच कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कित्येक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, तेही या हिशेबात धरायचे.

गरोदर बाईने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर. गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. मात्र रक्तदाबाच्या भीतीने डॉक्टरांनी कमी मात्रेचे अॅस्पिरिन दिले असेल किंवा हृदयविकारासाठी कोणी ते घेत असेल, तर हा लेख वाचून ते बंद करू नका. तो वेगळा हिशेब आहे आणि तो विचारपूर्वक केलेला असतो.

लाल गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळी आणि लाल गोळी यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लाल गोळीसोबत लिंबू पिळलेले पाणी घेतले तर चांगलेच. मेथी, चवळी, अंबाडी, तांदुळजा या भाज्या पोटात जाऊ द्या, पण त्या फार वेळ उकळून पाणी फेकू नका. फॉलिक अॅसिड त्या पाण्याबरोबर जाते. कंबर रोज दुखत असेल, आठवडाभर रोज गोळी लागत असेल, तर दुकानाची नाही, दवाखान्याची वाट धरा. आणि शौच डांबरासारखे झाले, चक्कर आली, धाप लागली, तर लाल गोळीमुळे असेल असे स्वतः ठरवू नका. त्याच दिवशी या.

त्या शेतमजूर बाईनंतर मी एक सवय लावून घेतली आहे. रक्त कमी असलेली बाई समोर बसली की मी तिला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. सरकारी गोळी, दुकानातली गोळी, नातेवाइकाने शहरातून आणलेली ताकदीची पावडर, काढ्याची बाटली, सगळे. सुरुवातीला बायका लाजतात, मग एकेक पुडी काढतात. त्यात दोनचार मिनिटे जातात आणि बाहेरची रांग कुरकुरते. तेव्हा मला परळच्या चाळींतून बायकांना काय खाता म्हणून विचारणाऱ्या ल्यूसीबाई आठवतात. त्यांना उत्तर ताटात सापडले. आम्हाला ते बरेचदा पिशवीत सापडते.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुमची पिशवी त्यांच्यापुढे ठेवा.